पाळी सांगणारी बाई

संपादकांनी व्यवसायाबद्दल लिहा म्हटल्यावर मी विचारलं, चालू धंद्याबद्दल लिहू की बुडालेल्या? ते म्हणाले, जो जास्त आठवतो तो. म्हणजे बुडालेलाच.

माझा धंदा तीस सेकंदांचा होता. तुम्हालाही असा फोन कधीतरी आला असेल. उचलला की पलीकडून कुणीतरी बोलायला लागतं, तुमचं काही ऐकून घेत नाही आणि बोलून झालं की परस्पर ठेवून देतं. तासगाव, कवठे महांकाळ या भागात तुम्ही राहत असाल, तर ते कुणीतरी म्हणजे बहुधा मीच. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत खाली बेदाण्याच्या खोक्यांचं दुकान, वर माझं ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला ठोकलेली जुनी गादी. गिऱ्हाइकानं नंबर आणि मजकूर आणून द्यायचा, मी तो माझ्या आवाजात रेकॉर्ड करायचा, बटण दाबलं की गावंच्या गावं एका दमात खणखणायची. दूधसंघ, शाळा, नगरपालिकेचं पाणी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, असलं सगळं माझ्या तोंडून गेलं आहे. वाढदिवस जास्त. आमच्या भागात ज्याला काही काम नाही त्याचा वाढदिवस असतो.

तीस सेकंद का, तर त्यापुढं दुसऱ्या कॉलचे पैसे धरतात आणि त्याहीपेक्षा, माणूस त्यापुढं ऐकत नाही. हे गिऱ्हाइकाला पटवणं हाच निम्मा धंदा. माझं माहेर कराडजवळच्या मलकापूरचं, त्यामुळे तिकडची गिऱ्हाइकं हक्कानं यायची. एकजण मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. मजकूर वाचला तर सगळा चुलत्यांचा.

"भाऊ, तीस सेकंदांत अकरा चुलते बसत नाहीत," मी म्हटलं.

"मग भराभर म्हना की."

"भराभर म्हटलं तर लग्न कुठं आहे ते राहतंय."

ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. लग्न कुटं हाय ते लोकांस्नी कळतंय. चुलता ऱ्हायला तर लग्नच व्हायचं न्हाई."

मी ते रेकॉर्ड केलं. अकरा चुलते, एक दम. लग्नाला लोक आले, रुसवे झाले नाहीत. या भागात धंदा करायचा तर माणसाला काय सांगायचं आहे यापेक्षा काय राहिलेलं चालणार नाही ते आधी विचारावं, हे मी त्या दिवशी शिकले. कुठल्याही कोर्सला ते शिकवत नाहीत.

पण माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे पाणीसंस्था. नदीचं पाणी पंपांनी चढावर उचलायचं आणि पूर्वेच्या कोरड्या गावांना चाऱ्यांतून, म्हणजे छोट्या पाटांतून, फिरवून द्यायचं, हे तिचं काम. प्रत्येक मळ्याची वेळ ठरलेली. ती वेळ आली की माणसानं रानात हजर राहून दारं धरायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. हजर नसाल तर पाणी थांबत नाही. ते वरचा वळवून घेतो, नाहीतर ओढ्याला जातं. पूर्वी पाटकरी मोटारसायकलवरून मळ्यामळ्यांत हिंडून ही वेळ सांगायचा. गावं वाढली, पाटकरी तेवढेच राहिले. मग सेक्रेटरी माझ्याकडं आले.

येताना ते पुण्याच्या स्टुडिओतून एका मुलीचा आवाज घेऊनच आले होते. गोड आवाज. 'आपणांस सूचित करण्यात येते की' एवढ्यावर लोकांनी फोन ठेवले. कर्जवाली असणार, असं त्यांना वाटलं. ज्यांनी पुढं ऐकलं त्यांची वेगळीच गंमत. सरकारी भाषेत पाण्याच्या फेरीला आवर्तन म्हणतात आणि आमच्याकडं आवर्तन म्हटलं की अथर्वशीर्षाचं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारबा धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन संस्थेच्या दारात. "आवर्तन हितंच हाय न्हवं? बसायला काय हातरायला आनायचं का तुमीच देताय?"

मी सेक्रेटरींना म्हटलं, "लोक पाळी म्हणतात. पाळीच म्हणू या."

ते खुर्चीत अवघडले. "ताई, तुम्ही बाईमाणूस. तुमच्या तोंडून 'उद्या तुमची पाळी आहे' म्हणजे… लोक हसतील हो."

"हसू द्या. हसायला फोन कानाला लावावा लागतो."

लोक हसले. पहिला महिनाभर ऑफिसच्या नंबरवर पोरांचे फोन. मागं चार-पाचजण खिदळत असायचे. "ताई, माझी पाळी चुकली वो, आता काय करू?"

"लग्न झालंय का तुझं?"

"न्हाई."

"मग आधी आईला सांग. ती बघेल काय ते."

हे उत्तर पंचक्रोशीत फिरलं आणि फोन बंद झाले. नवरा एसटीत. त्याला डेपोत त्याचे सोबती 'पाळीवालीचा मालक' म्हणायला लागले. त्यानं एकदा मला सुचवलं, दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घे. मी म्हटलं, तुझा देते. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

रेकॉर्डिंगमध्ये मी एक युक्ती केली होती. आपल्याकडं माणूस फोन उचलला की लगेच ऐकत नाही. आधी हॅलो, मग कोण, मग बोला. तेवढ्यात मशीनचं निम्मं बोलून झालेलं असतं. म्हणून मी सुरुवातीला नुसतं "ऐकताय ना?" म्हणायची आणि थांबायची. तेवढ्या मोकळ्या जागेत लोक "व्हय, बोला की" म्हणायचे आणि मग कान द्यायचे. त्यामुळे बऱ्याच जणांना मी खरीच पलीकडं बसलेय असं वाटायचं. मी तो समज कधी मोडला नाही. धंद्याला बरा होता.

बायाक्का एकदा जिना चढून वर आल्या त्या याच समजातून. कवठे महांकाळच्या पलीकडं चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला त्यांचं दीड एकर रान. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर, पाणी आल्यावर शेतीही करायला लागलेलं. नवरा नाही, मुलगा मिल्ट्रीत. हातात काठी आणि डोक्यावरून घट्ट पदर. आल्या त्या भांडायलाच.

"तू व्हय ती पाळी सांगनारी?"

"हो. बसा, आक्का."

"बसत न्हाई. तुला जरा मानूसकी हाय का गं? ऐकताय ना म्हनतीस, मी म्हनते व्हय बाई, ऐकते. मेंढरू व्यालं म्हनून सांगते, पोराचा फोन न्हाई म्हनून सांगते. तू आपली तुझंच म्हनतीस आनि ठिवतीस. एकदा तरी म्हन की, बरं झालं बायाक्का!"

ते रेकॉर्डिंग आहे हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं असं दिसलं नाही. जाताना म्हणाल्या, "बरं, घाईत असशील. पर तू सांगितलेली येळ कवा चुकली न्हाई, म्हनून ऐकते तुजं." त्या वाक्याचं मला फार वाटलं. वेळ चुकत नव्हती, कारण प्रत्येक खेपेला पाटकऱ्याशी बोलून, मळ्यातल्या लोकांना कळेल असं वाक्य मी स्वतः बसवायची. ते काम कुणाला दिसत नव्हतं. न दिसणारं काम बिलात धरता येत नाही आणि बिलात नसलेलं काम आहे असं कुणी मानत नाही.

नवीन कमिटी निवडून आली आणि तिला डिजिटल व्हायचं होतं. आमच्या भागात सध्या सगळ्यांना डिजिटल व्हायचं असतं. चहाच्या गाड्यावर कोड चिकटवला की गाडेवाला डिजिटल, फ्लेक्सवर नेत्याच्या हातात लॅपटॉप दाखवला की नेता डिजिटल. संस्थेनं माझं काम बंद करून सांगलीच्या एका कंपनीला दिलं. म्हटलं, ठीक. धंद्यात गिऱ्हाईक जातं. मी दुकान आवरतं घेतलं आणि शाळांचे, दूधसंघाचे निरोप तेवढे चालू ठेवले.

मग एक दिवस दुपारी मी मेथी निवडत बसले होते. फोन वाजला.

"ऐकताय ना?"

मी म्हटलं, "हो."

आणि मग लक्षात आलं की पलीकडं मीच आहे. माझाच आवाज, तो थांबा तसाच, 'पाळी' म्हणताना माझी जीभ जशी जरा टेकते तशीच टेकत होती. फक्त जे बोलणं चाललं होतं ते मी कधी बोललेच नव्हते. पाण्याच्या पाळीआधी टाकायच्या कुठल्याशा खताची जाहिरात होती. माझी जुनी रेकॉर्डिंगं संस्थेच्या कॉम्प्युटरवर होती, ती कंपनीनं मशीनला ऐकवली आणि मशीन माझ्यासारखं बोलायला शिकलं. आता मजकूर टाइप केला की झालं. माणूस नको, माइक नको, गादी नको.

मी सांगलीला गेले. तिसऱ्या मजल्यावर काचेचं ऑफिस, एसी एवढा की आत शाल हवी. समोर बसलेला इंजिनिअर मूळचा आमच्याच भागातला. वागायला चांगला होता, मला पाणी दिलं, उभा राहून बोलला.

"मॅडम, तुमच्या आवाजाला रिस्पॉन्स जबरदस्त आहे. बाकीचे आवाज लोक कट करतात. तुमचा शेवटपर्यंत ऐकतात. आम्ही तो आता इतर क्लायंटनाही देतोय."

"माझा आवाज तुम्ही कुणाकुणाला देताय, आणि मला विचारलंत कधी?"

"आवाज तुमचा नाही, मॅडम. मॉडेलचा आहे. रेकॉर्डिंग संस्थेचं होतं, त्यांनी परवानगी दिली."

"मग ते मॉडेल पुसून टाका."

तो हसला. वाईट हसला नाही, आपण लहान मुलाला हसतो तसा. "फाइल पुसता येते हो, काकू. पण ते शिकलंय ना. शिकलेलं कसं पुसणार?"

मॅडमची काकू झाले तेव्हा कळलं की बोलणं संपलं. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, केस नवीन प्रकारची आहे, इंटरेस्टिंग आहे. वकिलाला जे इंटरेस्टिंग वाटतं ते पक्षकाराच्या हयातीत निकाली निघत नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी घरी आले.

पुढचे काही महिने मी सगळीकडं ऐकू येत होते. सोनेतारण कर्ज घ्या म्हणत होते, एका उमेदवाराला निवडून द्या म्हणत होते, आठवडाभरानं त्याच्या विरोधातल्यालाही. भाजीवाली म्हणाली, "ताई, तुमी दोन्हीकडनं व्हय?" माझी चीड आवाज चोरीला गेल्याची होतीच. पण मला घोर होता तो निराळा. माझ्या आवाजावर विसंबून पूर्वेकडची माणसं रात्री बेरात्री रानात जात होती. तिथं आता मी नव्हते, पण आवाज होता, आणि तो काय सांगतोय यावर माझा काहीही ताबा नव्हता. ज्या दिवशी तो चुकेल, त्या दिवशी माणसं माझ्याकडं येणार होती.

ती उन्हाळ्याची शेवटची पाळी. त्यानंतर पंप बंद होतात ते पाऊस येईपर्यंत. पाळ्या फिरत्या असतात. कधी दिवसा, कधी रात्री. या खेपेला शेवटच्या टोकाच्या लोकांची रात्री दोनची आली होती. त्यांना फोन गेला, माझ्या आवाजात: रविवारी, रात्री दोन वाजता.

मशीनचं काही चुकलं नाही. घड्याळाप्रमाणे रात्री बारानंतर रविवार लागतो, दोन वाजता रविवारच असतो. पण आमच्याकडं वार बारा वाजता बदलत नाही, उजाडल्यावर बदलतो. रविवारी रात्री दोन म्हणजे रविवारचा दिवस गेला, संध्याकाळी जेवणं झाली, त्यानंतरचे दोन. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, शिकवावं लागत नाही. असली पाळी असली की मी म्हणायची, "शनिवारी जेवून झोपू नका, दोनला पाणी आहे." लोक त्याला हसायचे, पण जागे राहायचे.

शनिवारची रात्र सगळे निवांत झोपले. पाणी आलं आणि गेलं. वरच्यांनी थोडं घेतलं, बाकी ओढ्याला. पाटकऱ्याला वाटलं, फोन गेलाय, माणसं असतील. रविवारी रात्री हे सगळे कंदील, बॅटऱ्या, खोरी घेऊन चारीवर जाऊन बसले. चारी कोरडी.

सोमवारी सकाळी माझा जिना माणसांनी भरला. पुढं बायाक्का, मागं सर्जेराव. सर्जेरावांचं रान बायाक्कांच्या बांधाला लागून.

"बाई, फशिवलंस तू," बायाक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मका निसवायला आलाय माजा, कणसं धरायची येळ. मेंढरांच्या तोंडचा हाय त्यो. येवडं एक पानी मिळालं असतं तर हाताला लागला असता."

"आक्का, तो फोन मी केला नव्हता. मशीननं केला."

"तुजा आवाज मला वळकंना व्हय? पोराचा म्हैन्यातनं एकदा ऐकते, तुजा आठवड्याला ऐकते."

सर्जेराव मागून म्हणाले, "मशीनला ताईंचा आवाज कुटनं आला म्हनं? बाजारात किलोवर मिळतोय व्हय?" दोघं-तिघं हसले. रात्र जागलेली माणसं, त्यांना हसायला काहीही पुरत होतं आणि चिडायलाही.

बोलून पटणार नव्हतं. मी सगळ्यांना आत घेतलं, मध्ये खुर्चीवर बसले आणि ओठ मिटून घेतले. मग त्या सोनेतारण कर्जाचा, मी रेकॉर्ड करून ठेवलेला कॉल मोबाइलवर मोठ्यानं लावला. माझं तोंड बंद आणि माझा आवाज खोलीभर. बायाक्का जवळ आल्या, वाकून माझ्या ओठांकडं बघत राहिल्या. संपल्यावर मागं सरकल्या.

"अगं बया. ही तर भानामती झाली."

"भानामती नाही आक्का, कंपनी आहे."

"त्येच त्ये," सर्जेराव म्हणाले.

आता मात्र पटलं. माझ्यावरचा राग उतरला, काहींना तर माझी कीव आली, जी मला रागापेक्षा जास्त झोंबली. मी उभी राहिले आणि स्वच्छ सांगितलं, "आजपासून माझ्या आवाजात कुठलाही फोन आला की ठेवून द्यायचा. पुढं काय म्हणतोय ते ऐकायचंच नाही. 'मीच आहे' असं म्हणाला तरी ठेवायचा. कळलं?" कळलं म्हणाले. शाळेतल्यासारखं एकेकाकडून वदवून घेतलं. बायाक्कांनी मान हलवली. "ठिवीन. ऐकायची न्हाई."

ते गेले आणि मी स्कूटर काढून थेट कवठे महांकाळला, पाणीसंस्थेच्या चेअरमनांच्या दारात. चेअरमन ओसरीत पेपर वाचत होते.

"चूक तुमच्या कंपनीची आहे. टोकाच्या लोकांना पाणी द्या," मी म्हटलं.

"मॅडम, रविवार म्हणजे रविवारच. यात चूक काय?"

"तुम्ही रविवारी रात्री दोनला पाव्हणं येणार म्हटल्यावर कधी उठून बसाल?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. शेजारी त्यांच्या मिसेस उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "द्या की वो. तुमची मतं हायती तिकडं." माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा ते वाक्य कामी आलं. वरच्या टाकीत थोडं पाणी शिल्लक होतं. चेअरमननी पाटकऱ्याला फोन लावला, लगेच गेट उघडायला सांगितलं. "तास-दीड तासाचं पाणी आहे. जे रानात असतील त्यांना मिळेल. नंतर माझ्या नावानं बोंब नको. निरोप तुम्हीच द्या, लोक तुमचंच ऐकतात."

मी त्यांच्या पायरीवर बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटत होतं. पहिल्यांदाच मी मशीनशिवाय, स्वतःच्या तोंडानं पाळी सांगणार होते. पहिला फोन सर्जेरावांना लावला.

"सर्जेराव, मी बोलतेय. पाणी सोडलंय, लगेच—"

कट.

रेंज गेली असेल म्हणून पुन्हा लावला. कट. दुसऱ्याला लावला, कट. तिसऱ्यानं ठेवायच्या आधी मला त्याचं शेजारच्याशी बोलणं ऐकू आलं. मी ओरडत होते, "अहो मी खरी आहे, खरी मी बोलतेय!" आणि तो सांगत होता, "बग बग, आता खरी हाय म्हनाय लागलंय." कट.

बायाक्कांना चार वेळा लावला. चारही वेळा त्यांनी उचलला, माझं पहिलं अक्षर ऐकलं आणि ठेवला.

मग डोकं ताळ्यावर आलं. समोर चहाचा गाडा होता. गाडेवाल्याच्या हातात फोन कोंबला, म्हटलं, "तू बोल." त्याचा आवाज कुणी चोरलेला नव्हता. सर्जेरावांनी त्याचं ऐकलं, शिवी देऊन का होईना, आणि रानाकडं पळाले. आणखी दोघं लागले. बायाक्कांचा फोन मात्र आता बंद लागत होता. सर्जेरावांना पुन्हा लावून बायाक्कांना हाक मारायला सांगावं म्हटलं, तर नुसती रिंग वाजत राहिली, ते फोन घरी टाकून गेले होते. मी स्कूटरला किक मारली.

रस्ता कसला, खडी आणि धूळ. पोचेपर्यंत पाणी चारीतून आलं होतं आणि पुष्कळसं मधल्या मोकळ्या दारांतून ओढ्याला गेलं होतं, कारण ती दारं धरायला माणसंच नव्हती. त्यांनी माझे फोन ठेवले होते. उरलं ते सर्जेरावांनी घेतलं. त्यांनी आधी स्वतःचं रान भिजवलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही, कुणीही तेच केलं असतं. बायाक्कांच्या बांधापर्यंत ओल आली होती. पाणी नव्हतं. चारीच्या तळाशी चिखल होता आणि त्यात दोन बगळे उभे होते. मक्याची पानं दुपारच्या उन्हात सुरळी होऊन उभी होती.

बायाक्का छपराच्या सावलीत मेंढरांपाशी बसल्या होत्या. मला बघून उठल्या, तांब्या पुढं केला. मी पाणी न पिताच म्हटलं, "आक्का, मी फोन केला होता. चार वेळा."

"व्हय, आला की."

"पाणी सोडलं होतं हो. तेच सांगत होते."

त्यांनी एकदा रानाकडं पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडं. रागावतील असं मला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण एवढा कठीण निरोप आपण तंतोतंत पाळला याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्या मला तसं सांगत होत्या.

"तूच म्हनालीस न्हवं, ठिवायचा म्हनून. चारी डाव ठिवला. मग बटन दाबून बंदच करून टाकला. तुजा एक सबूद आयकला न्हाई बग."